देवीचा मळा

शाळेच्या ओसरीवर टेबल मांडलं होतं, त्यावर चादर अंथरली होती, खुर्चीखाली डुगडुगू नये म्हणून चिपही घातली होती. तरी तातू गावकर हटून बसले. एवढं मोठं काम पावणाईच्या देवळातच व्हायला पाहिजे, शाळेत नाही. सरपंच सदा राऊळ त्यांना हात जोडून सांगत होता की जमिनीच्या चौकशीला आलेले साहेब शाळेत बसायला तयार आहेत, तर तुम्ही कशाला पुन्हा हलवता. पण तातूंना ते पटेना.

"नऊ घरांचो मळो आज नऊ घरांक मिळाचो आसा," ते म्हणाले. "आणि देवीक गाऱ्हाणा नाय? असा कसा चलात?"

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. सदा राऊळ पलीकडच्या मोठ्या वाडीतला, हुशार, तालुक्याला उठबस असलेला. त्यानं माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. मग चार जणांनी टेबल उचललं आणि देवळाच्या सभामंडपात नेऊन ठेवलं, अगदी गाभाऱ्याच्या दारासमोर. साहेबांचं तोंड आमच्याकडे आणि देवीचंही तोंड आमच्याकडे. याहून वाईट जागा शोधून सापडली नसती, पण त्या वेळी कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

आमची पाटखोल म्हणजे नऊ घरांची वाडी. डोंगराच्या पोटात, वर कातळ, खाली वहाळ. पावसाळी भात ज्याच्या त्याच्या तुकड्यात जेमतेम पिकायचं. खरं पोट भरायचं ते वहाळाकाठच्या मळ्यावर. दिवाळीनंतर वहाळाला दगडमातीचा बांध घालून पाणी पाटानं मळ्यात घेतलं की तिथे वायंगण व्हायचं, म्हणजे उन्हाळी भात, आणि ते असं व्हायचं की पोत्यांना जागा पुरायची नाही. हा मळा कुणाचा एकट्याचा नव्हता, देवीचा होता. दर वर्षी एकेक घर तो करायचं. ज्या घराची वर्सल, म्हणजे वर्षाची पाळी, त्यानं पेरायचं आणि कापायचं, देवीला तिचा वाटा द्यायचा, उरलेलं आपलं. बांध घालायला मात्र नऊही घरांचे हात लागायचे, मग वर्सल कुणाचीही असो. एकट्यादुकट्याचं ते कामच नव्हतं.

त्या वर्षी वर्सल आमची होती. आमची म्हणजे माझ्या आईची, द्वारकाची. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, भाऊ नव्हता, आणि मी नवऱ्यानं टाकलेली म्हणून माहेरी परत आलेली. वाडी आम्हा दोघींना कधी वाकडा शब्द बोलली नाही, हे खरं. पण वर्सलीचा नियमही खराच होता. घरात पुरुष नसेल तर वर्सल त्या बाईच्या हयातीपुरती. आई गेली की आमचं घर मळ्यातून बाद. मग मी काय खायचं, हे कुणी बोलायचं नाही. विचारलं तर म्हणायचे, आमी आसव मां. असायचेच, पण कुणाच्या असण्यानं चूल पेटत नाही.

म्हणून सरकारनं जेव्हा ठरवलं की अशा सामाईक पडलेल्या जमिनी कसणाऱ्यांच्या नावे करून द्यायच्या, तेव्हा सगळ्या वाडीत सर्वांत जास्त आनंद मला झाला. नावावर जमीन झाली की कायदा लागतो, आणि कायद्यात मुलगीही वारस असते. मळ्याचा नववा हिस्सा आईच्या नावे झाला असता तर तिच्यामागे तो माझा होता. अट एकच होती. जमीन सलग बारा वर्षं एकाच हातानं कसलेली पाहिजे. आमच्या मळ्याला नऊ हात होते आणि एकही सलग नव्हता.

तोड सदा राऊळनं काढली. मळ्यात त्यानं खुंट्या ठोकून नऊ तुकडे पाडले. प्रत्येकानं सांगायचं, हा तुकडा माझा, बापाच्या वेळेपासून मीच करतो. वर्सलीचं नाव काढायचं नाही. मग रोज संध्याकाळी तातूंच्या खळ्यात तालीम. सदा साहेब व्हायचा आणि बाकीचे कसणारे. अंकुश मेस्त्रीला आपला तुकडा कधी सापडलाच नाही. एकदा तो धुऱ्यांच्या तुकड्यात शिरायचा, एकदा परबांच्या, आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. सदा चिडून म्हणायचा, मेस्त्री, तुमी फक्त मान डोलवा. माझी आई नीट पाठ म्हणायची. खोटं सांगायचं म्हणून कुणी कुरकुरलं नाही. सरकारशी बोलायचं ते थोडं वाकवूनच बोलायचं असतं, असंच सगळे धरून चालले होते.

तर देवळात टेबल मांडलं. क्षीरसागर साहेब घाटावरचे, वयानं पोक्त, शांत माणूस. त्यांनी चपला बाहेर काढल्या, देवीला नमस्कार केला आणि बसले. बाबल घाडी पुढे झाला. गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराचा. नारळ हातात धरून त्यानं डोळे मिटले आणि बापाकडून आलं होतं तसं म्हणायला लागला.

"गे पावणाई आवशी, तुझी नऊ घरांची लेकरां आज तुझ्या पायाकडे इली आसत, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो.

"जो खरा बोलात, तेच्या पाठीमागे उभी रव, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि जो कोण तुझ्या पायाकडे बसान खोटा बोलात, तेच्या घरात दिवो ठेव नको, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सवयीनं सगळ्यांच्या तोंडून ते जोरात गेलं. नारळ फुटला, पाणी उडालं. आणि मग बाहेर कोंबडी उकरत होती तेसुद्धा सभामंडपात ऐकू यायला लागलं. बाबलनं डोळे उघडले. आपण काय मागून बसलो ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. बिचाऱ्यानं नेहमीचंच म्हटलं होतं. सदा राऊळ खांबाला टेकून उभा होता, त्यानं डोळे मिटून घेतले.

साहेबांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी पहिलं नाव पुकारलं, तातू गावकर. तातू पुढे जाऊन उभे राहिले. साहेबांनी विचारलं, या मळ्यातला कुठला तुकडा तुम्ही कसता, आणि किती वर्षं? तातूंनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांची नजर साहेबांच्या डोक्यावरून गाभाऱ्यात गेली. मी मनातल्या मनात म्हणत होते, सांगा, वहाळाकडचा, सांगा. माझ्या उद्याच्या भाकरीचा घास त्या म्हाताऱ्याच्या तोंडात अडकला होता.

"सायबानू," तातू म्हणाले, "ह्या वर्सा तो माझो नाय. ह्या वर्सा वर्सल द्वारकावैनीची."

झालं. मग अंकुश मेस्त्री. खळ्यात ज्याला आपला तुकडा सापडत नव्हता त्यानं इथे एका दमात सांगितलं, माझी वर्सल पुढच्याच्या पुढच्या वर्षी. परब तेच म्हणाले, धुरी तेच म्हणाले. बाबल घाडी तर रडवेला होऊन सांगत होता. आठ बाप्ये आले आणि आठही जणांनी देवीसमोर खरं ते सांगून आपली सुटका करून घेतली.

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. वर्सल म्हणजे काय ते त्यांनी सदाकडून नीट समजून घेतलं. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, पद्धत चांगली आहे, पण माझ्याकडे हे लिहायला जागा नाही. मला बारा वर्षं कसणारा एक माणूस लागतो. असा कुणी नसेल तर मला पडीक लिहावं लागेल, आणि पडीक म्हणजे सरकारजमा.

"पडीक?" तातू म्हणाले. "सायबानू, वायंगण बघा जावन. कमरेइतक्या झाला हा."

"पाहिलं मी येताना," साहेब म्हणाले. "म्हणून तर विचारतोय. आता एकच नाव राहिलं आहे."

ते नाव माझ्या आईचं होतं. सरकारजमा झालेल्या जमिनीचं काय होतं, ते सदा सोडून आमच्यात कुणाला धड ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होतं. पलीकडच्या खोऱ्यात असाच एक माळ लिलावात निघाला होता आणि आता तिथे कुंपणावर पाटी होती, आत येऊ नये म्हणून. तो चटकन आईजवळ आला आणि वाकून बोलायला लागला. पण मंडप केवढासा, सगळ्यांनाच ऐकू येत होतं.

"वैनी, आता तुमीच. बारा वर्सा मीच कसतंय म्हणान सांगा. अख्खो मळो तुमच्या नावार घालूया. कागदार तुमचो. वर्सल आपली चलता तशी चलतली."

आईनं वाडीकडे पाहिलं. आणि त्या आठही जणांनी मान हलवली. तातूंनी तर हात जोडले. स्वतःच्या तोंडून जे निघेना, ते एका विधवेनं सगळ्यांच्या वतीनं बोलून टाकावं, असं त्या भल्या माणसांना वाटत होतं. मला तेव्हा त्यांचा जेवढा राग आला तेवढा मला टाकणाऱ्या नवऱ्याचाही आला नव्हता. आणि तरीही आईनं होय म्हणावं असं मला वाटत होतं, हेही खरंच.

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं वाकून देवळाच्या जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला, पदर सारखा केला आणि टेबलापाशी गेली.

"मीच कसतंय सायबानू. बारा वर्सा झाली. तेच्या आदी माझो घोव कसायचो."

"सगळा मळा?"

"सगळो. ह्ये लोक बांधाक हात लावतत, शेजारधर्म म्हणान. मळो माझोच."

साहेबांनी तिच्याकडे एकवार पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं, मला खात्री आहे. मग त्यांनी लिहून घेतलं, तिचा अंगठा घेतला, आणि जाताना पुन्हा एकदा देवीला नमस्कार केला.

 घरी आल्यावर दिवेलागणीला आईनं तुळशीपाशी दिवा लावला आणि त्याच्यासमोर बसून राहिली. वारा होता, ज्योत हलत होती. मी दोनदा जेवायला हाक मारली. तेल संपत येईपर्यंत ती उठली नाही.

"पेटलो गो बाय," शेवटी ती म्हणाली. "विझाक नाय."

त्या वर्षीचं वायंगण सोन्यासारखं झालं. कापणीला सगळी वाडी आली, देवीचा वाटा आधी गेला. गणपतीच्या सुमारास कागद आला. अख्ख्या मळ्यावर द्वारका हे एकच नाव होतं. सदा पेढे घेऊन आला. लोक आईशी नेहमीपेक्षा अधिकच गोड बोलत होते. कुणी वाटीभर दूध आणून देई, कुणी पडवळाची भाजी. तातू वाटेत भेटले की थांबून विचारायचे, वैनी, बरी आसस मां? मला वाटायचं, उपकार जाणतात. आईला मात्र ते खुपायला लागलं होतं. ती म्हणायची, माका असा बघतत जसा काय मी दुखणायत आसंय.

तुळशीचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं न्हाऊन ठेवणीतलं लुगडं नेसलं. सुपात बियाण्याचं भात घेतलं, वर विडा आणि सुपारी ठेवली. ज्याची वर्सल संपली त्यानं पुढच्याच्या दारात सूप न्यायचं, हा रिवाज. पुढची वर्सल तातूंची होती. मीही तिच्याबरोबर गेले.

तातू ओटीवरच होते. सूप बघून ते उभे राहिले, पण हात पुढे केले नाहीत. त्यांनी आईला बसायला पाट दिला. घरातून चहा आला. आई सूप मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली.

"वैनी," तातू म्हणाले, "मळो आता तुझो."

"कागदार," आई म्हणाली. "वर्सल तुमची."

"कागदाचा माका काय नाय. तू देवीसमोर बोललंस, मळो माझो म्हणान. आता मी ह्या सूप घेतलंय तर तू खोटी पडतलंस. गाऱ्हाणा काय होता ता तू आयकलंस. तुझ्या घरातलो दिवो आमी कसो विझवू?"

आईला पहिल्यांदा समजलंच नाही. मग समजलं. ती म्हणाली की मी खोटंच बोलले होते, तुमच्याचसाठी बोलले, तुम्हीच सांगितलंत. तातूंनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"ता परत बोला नको," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मळो तुझोच ऱ्हवलो तर तू खरी. आमी आठव घरांनी ठरवला हा. आमचा काय ता आमी बघतलंव. तुका काय झाला तर आमका बघवाचा नाय."

आम्ही अंकुश मेस्त्रीकडे गेलो, परबांकडे गेलो, धुऱ्यांकडे, एकेक घर करत सगळीकडे गेलो. सगळ्यांनी पाट दिला आणि सूप कुणीच घेतलं नाही. बाबल घाडी तर आईच्या पाया पडला. म्हणाला, माझ्या जिभेन घात केल्यान. आई प्रत्येक दारात तेच सांगत होती, आणि प्रत्येक दारात लोक जणू तिचाच जीव वाचवायला नको म्हणत होते. यात एकही माणूस लबाड असता तर मला भांडता आलं असतं.

शेवटी पुन्हा तातूंच्या ओटीवर येऊन आईनं सूप खाली ठेवलं. मळा नको तर नको, ती म्हणाली, पण बांधाला तरी हात लावा. पाणी अडवायला मला एकटीला जमणार नाही.

तातूंनी मान खाली घातली. नऊ घरांचे हात बांधाला लागले की मळा नऊ घरांचा झाला, त्यांनी सांगितलं. आणि मग आईचा शब्द पुन्हा खोटा.

मजूर लावायला आमच्याकडे होतं काय? त्या वर्षी आम्ही दोघींनीच बांध घातला. वहाळात उतरून धोंडे उचलले, चिखल थापला, पाला कोंबला. वाडीतले बाप्ये वरच्या वाटेनं जाताना थांबायचे, बघायचे, आणि मान फिरवून जायचे. एकदा धुऱ्यांची सून धावत खाली आली होती, तिला सासऱ्यानं हाक मारून परत बोलावलं. बांध अर्धा उभा राहिला आणि एका सकाळी जाऊन बघतो तो मधोमध फुटला होता. आम्ही पुन्हा घातला, तो पुन्हा फुटला. पाणी पाटात शिरलंच नाही. मळा तडकत गेला. आई बांधावर बसून ते बघायची. पुढच्या वर्षी तिच्यात धोंडा उचलायची ताकद राहिली नव्हती, आणि त्याच्या पुढच्या वर्षी आईच राहिली नाही.

देवीनं तिला काही केलं नाही, हे मी आजही कुणालाही सांगेन. शेवटपर्यंत आमच्या तुळशीपाशी रोज दिवा लागत होता, अजून लागतो.

वाडीनंही वायंगण सोडलं. मळा नाही म्हटल्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांवर पोट भरेना, तरणी माणसं गोव्याकडे गेली, तातूंच्या घराला कुलूप लागलं, बाबल घाड्याच्या मुलाला गाऱ्हाणं येत नाही. मला मात्र हवं होतं तेच मिळालं. मळा माझ्या नावावर झाला, आणि नववा हिस्सा नव्हे, अख्खा. कायद्यानं काही कमी केलं नाही.

परवा नवा तलाठी पाहणीला आला. पोरगेलासा, नम्र. मी त्याला मळ्याच्या कडेला घेऊन गेले. घाणेरीचं रान माजलंय, पाटाची खूणसुद्धा दिसत नाही. त्यानं विचारलं, आजी, यात काय घेता? मी म्हटलं, काही नाही. किती वर्षं? मी म्हटलं, बारा तर नक्कीच झाली.

त्यानं जरा अडखळत विचारलं, "मग पडीक लिहू?"

"लिही," मी म्हटलं.

त्यानं तसं लिहिलं आणि पुढे माझं नाव घातलं.